वाचकांचे प्रश्न : नवी तुकडी, जुने मित्र

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भात उन्हामुळे त्या महिनाअखेरीस उघडतात. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये यंदा अभ्यासापेक्षा मैत्रीचे प्रश्न अधिक होते. त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी आठवीत आहे. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे, म्हणून जूनपासून मी तालुक्याच्या हायस्कूलला जाते. मी आणि माझी मैत्रीण पहिलीपासून एकाच बाकावर बसत होतो. आता तिला सेमीची 'अ' तुकडी मिळाली आणि मला 'क'. मधल्या सुट्टीत ती तिच्या वर्गातल्या मुलींबरोबर डबा खाते. मी गेले तर सरकून जागा देते, पण त्यांच्या गप्पा त्यांच्या वर्गाच्या असतात, मला काही कळत नाही. माझ्या वर्गातल्या मुली पाचवीपासून एकत्र आहेत, त्यांचे गट आधीच ठरलेले आहेत. एसटीत आम्ही दोघी शेजारी बसतो, पण मी गप्प असते, कारण बोलले तर रडू येईल असे वाटते. माझे काय चुकले? (सातारा जिल्ह्यातील विद्यार्थिनी)

उत्तर : तुझे काही चुकलेले नाही आणि, हेही लक्षात घे, तिचेही काही चुकलेले नाही. सात वर्षे तुम्ही एका बाकावर होता, एका वाटेने शाळेत जात होता, एकाच बाईंचे बोलणे ऐकत होता. त्यामुळे मैत्री राखण्यासाठी तुम्हा दोघींना वेगळे असे काही करावे लागले नाही. शेजारी असण्याचा मैत्रीत किती मोठा वाटा असतो, हे आपल्याला शेजार सुटल्यावर कळते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांच्या मैत्रीचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री झाली, हे बऱ्याच अंशी कोणाचे दार कोणाच्या दाराजवळ होते यावरून ठरले होते, असे त्यांना आढळले. तुझ्या मैत्रिणीच्या शेजारी आता नव्या मुली आहेत, म्हणून तिच्या गप्पा त्यांच्याशी जुळत आहेत. त्यात तुला सोडण्याचा विचार नाही. तसा तो असता तर तिने सरकून जागा दिली नसती.

तुझ्या हायस्कूलची घडणही समजून घे. तिथले वर्ग पाचवीपासून सुरू होतात, म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुली तीन वर्षे एकमेकींना ओळखत आहेत आणि तू त्यांच्यात आज पोहोचली आहेस. त्यांचे गट तुझ्याविरुद्ध तयार झालेले नाहीत, ते तू येण्याआधीच झालेले होते. मात्र तुझ्यासारख्याच आणखी काही मुली आसपासच्या गावांतल्या शाळांमधून आठवीला आलेल्या असणार. त्या बहुधा मागच्या बाकांवर, मधल्या सुट्टीत एकट्या किंवा पाणी प्यायच्या नळाशी रेंगाळताना दिसतील. आधी त्यांच्याशी बोल. ठरलेल्या गटात शिरण्यापेक्षा, ज्यांचा गट अजून झालेला नाही त्यांच्याशी ओळख करणे कितीतरी सोपे असते.

दुसरे असे, की नुसते जवळ जाऊन बसल्याने ओळख वाढतेच असे नाही, एकत्र काम केल्याने ती लवकर वाढते. आठवीत प्रयोगशाळेत गट पडतात, कवायत असते, खो-खो आणि कबड्डीचे संघ निवडले जातात, काही शाळांत राष्ट्रीय छात्र सेना किंवा गाइड असते. यांतल्या एका ठिकाणी नाव दे. तिथे काय बोलावे हा प्रश्नच पडत नाही, कारण हातात काम असते आणि बोलणे त्या कामातूनच निघते. तू मुळात कमी बोलणारी असशील तर तुला हाच मार्ग अधिक मानवेल.

आता मैत्रिणीविषयी. तुम्हा दोघींकडे अशी एक जागा अजून आहे जी तिच्या नव्या मैत्रिणींकडे नाही, आणि ती म्हणजे एसटी. सकाळी आणि संध्याकाळी तुम्ही शेजारी असता. हा वेळ तू सध्या गप्प राहून घालवते आहेस आणि मधल्या सुट्टीतली वीस मिनिटे मिळवण्यासाठी झुरते आहेस. हे उलटे कर. मधल्या सुट्टीवरचा हट्ट सोड आणि एसटीचा वेळ पुन्हा आपला कर. तिला आरोप न करता एकदाच सरळ सांग : "मला नव्या वर्गात अजून कुणी नाही, म्हणून मी गप्प असते. तुझ्यावर राग नाही." इतके बोललीस की तुझ्या मौनाचा तिने काढलेला चुकीचा अर्थ पुसला जाईल. तू रागावली आहेस असे समजून तीही कदाचित घाबरून गप्प असेल. बोलताना रडू आले तर येऊ दे, ती पहिलीपासूनची मैत्रीण आहे.

त्यानंतर तिला तिच्या वर्गाविषयी विचार. तिच्या नव्या मैत्रिणींची नावे, कोण कुठल्या गावची, कोणाला काय आवडते, कोणते सर कडक आहेत, हे सगळे ऐकून घे. नावे आणि माणसे माहीत झाली की त्यांच्या गप्पा तुला परक्या वाटणार नाहीत. तूही तुझ्या वर्गातले सांग. एक उपयोगाची गोष्ट सुचवते. सेमीमध्ये ती गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकते आहे आणि तू तेच धडे मराठीतून शिकते आहेस. आठवड्यातून एक-दोनदा एसटीत एकमेकींना एखादे उदाहरण समजावून सांगा. तिला विषय नीट कळेल आणि तुला पुढे अकरावीत लागणारे इंग्रजी शब्द आतापासून कानावर पडतील. पण सगळा प्रवास अभ्यासात घालवू नका, खिडकीतून बघत निरर्थक गप्पा मारणे हाही मैत्रीचा मोठा भाग आहे.

शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत जो वेळ असेल तो तुम्हा दोघींचा, असे ठरवून टाका. रोज भेटू असे ठरवले की एखादा दिवस हुकतो आणि मन खट्टू होते. आठवड्यातला एक दिवस ठरवला तर तो पाळला जातो. आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नव्या वर्गाविषयी कोणताही निकाल लावू नकोस. पहिल्या दोन महिन्यांत "मला इथे कुणीच नाही" असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण ते वर्षभराचे भविष्य समजू नये.

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेत दरवर्षी तुकड्यांची सरमिसळ करतात. ती चौथीत गेली आणि तिच्या दोन्ही जवळच्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या. ती रोज संध्याकाळी रडते. तुकडी बदलून द्यावी असा अर्ज मुख्याध्यापिकांकडे करावा का? (ठाण्याचे एक पालक)

उत्तर : अर्ज करण्यास हरकत नाही, पण मी सध्या करू नये असे सुचवीन. कोणी तिला त्रास देत असेल, तिची काही विशेष शैक्षणिक गरज असेल, किंवा शाळेत जायच्या वेळी रोज पोटात दुखणे, उलट्या होणे असे घडत असेल, तर मात्र थांबू नका आणि लगेच वर्गशिक्षिकांना भेटा. केवळ मैत्रिणी दुरावल्याचे दुःख असेल तर तिला थोडा काळ द्या. तुकडी बदलून दिली तर "रडले की गोष्टी पूर्ववत होतात" हे ती शिकेल, आणि पुढच्या सरमिसळीच्या वेळी तिच्या हाती काहीच नसेल.

तुमच्या हाती असलेली गोष्ट घरातली आहे. दोन्ही मैत्रिणींच्या आयांशी बोलून पंधरा दिवसांतून एक रविवार ठरवा. त्या दिवशी मुलींना एकत्र खेळू द्या आणि मध्ये एखाद्या वेळी नव्या वर्गातल्या एका मुलीलाही बोलवा. "आज कोणाबरोबर डबा खाल्लास?" हा प्रश्न रोज विचारणे बंद करा. तो प्रेमाने विचारला तरी मुलीला परीक्षा दिल्यासारखे वाटते आणि उत्तर देता आले नाही की ती पुन्हा रडते. "आज वर्गात काय गंमत झाली?" असे विचारा आणि उत्तर आले नाही तर विषय सोडून द्या.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. गेल्या वर्षी तो आणि त्याचा जिवलग मित्र दोघांनी मिळून नवोदयच्या परीक्षेची तयारी केली. आमच्याच घरी एका दिव्याखाली बसून ते सराव करत. मित्राची निवड झाली, आमच्या मुलाची नाही. मित्र वसतिगृहात गेला. त्याची आई कधी त्याचा फोन आला की आमच्याकडे लावून देते, तर माझा मुलगा घेतच नाही, घराबाहेर निघून जातो. घरातले मोठे त्याला ऐकवतात, "बघ, तो गेला." दिवाळीत मित्र घरी येईल तेव्हा काय करावे, ही काळजी लागून राहिली आहे. (सांगली जिल्ह्यातील एक आई)

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या मनात दोन दुःखे एकात एक गुंतली आहेत. परीक्षेत निवड न झाल्याचे दुःख आहे आणि मित्र दूर गेल्याचेही आहे. ज्याच्यापाशी पहिले दुःख सांगावे तोच नेमका दुसऱ्याचे कारण झाला आहे. फोन न घेण्यामागे मत्सर थोडा असेलही, पण "काय बोलू?" हा प्रश्न त्याहून मोठा असावा.

आधी घरातल्या मोठ्यांशी तुम्ही बोला, कारण "बघ, तो गेला" हे वाक्य थांबल्याशिवाय बाकी काहीही उपयोगाचे नाही. त्यांना वस्तुस्थिती सांगा. जवाहर नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या सुमारास सुरू झाली आणि साधारणपणे एका जिल्ह्यात एकच विद्यालय असते. सहावीला तिथे जास्तीत जास्त ८० मुले घेतात, त्यांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. संपूर्ण जिल्ह्यातून इतक्याच जागा. यात न येणाऱ्या मुलांची संख्या येणाऱ्यांच्या कितीतरी पट असते आणि त्यांच्यात हुशार मुले भरपूर असतात. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून मुलाला दार कायमचे बंद झाल्यासारखे वाटत असेल. तसे नाही. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा होते. ही माहिती त्याला द्या, पण लगेच तयारीला बसवू नका. त्याने ठरवले तर नववीच्या वेळी बघता येईल.

मित्राची बाजूही मुलाला कळायला हवी. दहा-अकरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा घर सोडून राहतो आहे, हवा तेव्हा फोन करता येत नाही, आईवडील भेटायला येतात तेही ठरलेल्या दिवशी. त्याला गावची आठवण येत असणार, आणि गावातल्या ज्या गोष्टी त्याला ऐकाव्याशा वाटत असतील त्या सर्वांत जास्त तुमच्या मुलाला ठाऊक आहेत. म्हणून फोनचा आग्रह सोडा आणि मुलाच्या हाती एक पोस्टकार्ड द्या. फोनवर ताबडतोब बोलावे लागते, आवाज जड झाला तर कळतो. कार्ड लिहिताना मुलाला विचार करायला वेळ मिळतो. काय लिहावे हे त्याला सुचवा, मजकूर सांगू नका : विहिरीला पाणी किती आले, बेंदराला कोणाचा बैल सजला होता, क्रिकेटच्या संघात त्याच्या जागी कोण गोलंदाजी करतो. अभ्यासाचा किंवा परीक्षेचा उल्लेख त्यात नसला तरी चालेल. या पत्रात तुमचा मुलगा सांगणारा असेल आणि मित्र ऐकणारा, आणि निकालानंतर पहिल्यांदाच त्याला आपल्याकडे काही आहे असे वाटेल. त्याने लिहिले नाही तर कार्ड टेबलावर पडून राहू द्या.

दिवाळीची भेट समोरासमोर बसवून घडवू नका. "जा, त्याला भेटून ये" असे सांगितले की दोघेही अंग चोरतील. तुमच्या भागात मुले अंगणात किल्ला करतात. वाड्यातल्या चार-पाच मुलांना किल्ल्यासाठी बोलवा, मित्राच्या आईलाही सांगून ठेवा आणि मग बाजूला व्हा. माती कालवायची, दगड आणायचे, हळीव पेरायचे, मावळे कुठे उभे करायचे यावरून वाद घालायचा, या गडबडीत जे बोलायचे ते आपोआप बोलले जाईल. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी नाही बोलले तरी चिंता करू नका, किल्ला एका दिवसात होत नाही.

मित्राच्या आईशी तुमचा संवाद मोकळा ठेवा. त्या माउलीलाही मुलगा दूर गेल्याचे दुःख आहे आणि तुमच्यासमोर आनंद दाखवण्याचा संकोचही आहे. दोन घरांचे जाणेयेणे चालू राहिले तर मुलांना पुन्हा जवळ यायला वाट उरते. आणि मुलाच्या सध्याच्या वर्गाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. "मागे राहिलेला" ही त्याची ओळख होऊ नये, यासाठी त्याच्या शाळेतल्या नव्या गोष्टींत, नव्या मित्रांत घरच्यांनी खरा रस घेतला पाहिजे.

प्रश्न : मॅडम, दहावीत आम्हा सहा जणांचा ग्रुप होता. आता दोघे डिप्लोमाला, एक आयटीआयला, दोघे कॉमर्सला आणि मी सायन्सला आहे. माझे कॉलेज नावापुरते आहे, दिवसभर क्लास असतो. क्लासमध्ये दर चाचणीनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलतात, त्यामुळे शेजारी बसणाराही बदलतो. जुन्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. मागच्या महिन्यात ते पाच जण भेटले, मला बोलावले नाही. विचारले तर म्हणाले, "तुला क्लास असेल ना." घरचे म्हणतात दोन वर्षे कळ काढ. मी काढतोय, पण मला खूप एकटे वाटते. (नाशिकचा विद्यार्थी)

उत्तर : घरच्यांचे म्हणणे मला मान्य नाही, हे आधीच सांगते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे माणसांशिवाय राहावे आणि मग जगायला सुरुवात करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. एकटेपणा अभ्यासाला मदत करत नाही, तो अभ्यास पोखरतो. तू हे लिहून कळवलेस, हे फार चांगले केलेस.

"तुला क्लास असेल ना" या वाक्याचा अर्थ शोधू. सुरुवातीला त्यांनी एक-दोनदा विचारले असेल, तू क्लासमुळे नाही म्हणाला असशील, आणि पुढे त्यांनी तुझे उत्तर स्वतःच गृहीत धरले असेल. मित्र बहुधा असेच हळूहळू विचारायचे थांबतात. त्यांना स्पष्ट सांग : "मला दर वेळी विचारत जा. यायला जमणार नसेल तर नाही मी म्हणेन, तुम्ही म्हणू नका." हे लिहू नकोस, एकाला फोन करून बोल. सहा जणांच्या ग्रुपवर लिहिलेल्या तक्रारीला उत्तर कोणी द्यायचे, हेच कोणाला कळत नाही.

तुमची वेळापत्रकेही बघ. डिप्लोमाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि सत्रांचा, त्यांच्या परीक्षा हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. आयटीआयला दिवसभर कार्यशाळा आणि एक किंवा दोन वर्षांचा ट्रेड. कॉमर्सवाल्यांचे कॉलेज बहुधा दुपारपर्यंत सुटते. तुझ्या रविवारी चाचणी. सहा जण सहज मोकळे असतील असा दिवस आता उगवणारच नाही, म्हणून "कधी भेटू या?" हा प्रश्न ग्रुपवर टाकण्यात अर्थ नाही. महिन्यातला एक रविवार, चाचणी संपल्यानंतरची संध्याकाळ, आणि एक जागा कायमची ठरवा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून जा, किंवा गोदाघाटावर बसा. जो येईल तो येईल, दोघे आले तरी भेट झाली असे समजा. एखादी भेट हुकली तरी पुढची ठरलेली असते, त्यामुळे कोणाला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

एक गोष्ट तुला खरी सांगायला हवी. सहाही जण बारावीनंतर तितकेच जवळ असतील, असे होणे अवघड आहे. त्यांतले एक-दोन जण टिकतील, आणि ते कोण असतील हे आज तुला वाटते तसेच असेल असेही नाही. आयटीआयला गेलेल्या मित्राशी मुद्दाम संपर्क ठेव असे मात्र मी सांगेन. आपल्याकडे शाखेवरून मुलांची किंमत ठरवतात आणि त्याला ते रोज सोसावे लागत असेल. तो काय शिकतो आहे हे त्याला मनापासून विचार. वेल्डिंगचा सांधा किंवा मोटारीचे वाइंडिंग कसे होते हे त्याच्याकडून समजून घेशील तर तुझ्या भौतिकशास्त्रालाही त्याचा आधार होईल.

आता क्लासमधल्या मैत्रीकडे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला आलेले प्रौढ आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांचा अभ्यास केला. ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणवून घ्यायला सुमारे ९० तास आणि जवळची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक काळ एकत्र घालवावा लागतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांना असेही दिसले, की एकाच ठिकाणी काम करताना किंवा शिकताना गेलेल्या तासांपेक्षा मोकळेपणाने एकत्र घालवलेल्या तासांचा उपयोग अधिक होतो. तुझा अनुभव याने उलगडतो. क्लासमध्ये तू शेकडो तास मुलांच्या शेजारी बसतोस, पण सगळ्यांची तोंडे फळ्याकडे असतात. मैत्रीच्या खात्यात त्यांतले फारच थोडे जमा होतात. क्लास सुटल्यावर एखाद्याबरोबर रोज वीस मिनिटे चहा घेतलास किंवा सायकल हातात धरून चालत गेलास, तर आठवड्याचे दोन तास होतात. त्या हिशेबाने ५० तासांना सहा महिने लागतील. म्हणजे दोन-तीन महिन्यांत मित्र मिळाला नाही याचा अर्थ तुझ्यात काही उणे आहे असा होत नाही, पुरेसा वेळ अजून झालेला नाही इतकाच होतो.

बॅच बदलत असल्याने बाकावरच्या शेजाऱ्यावर अवलंबून राहू नकोस. ज्याची घरी जायची वाट तुझ्या वाटेवर आहे असा एक जण शोध, कारण चाचणीचे मार्क वाट बदलू शकत नाहीत. कॉलेजात प्रात्यक्षिके होत असतील तर चुकवू नकोस. जर्नल पूर्ण करण्यासाठी जायचे आहे असे घरी सांग, ते खरेही आहे. प्रयोगशाळेत दोघांनी मिळून एक उपकरण मांडताना होणारी ओळख क्लासच्या सभागृहात होत नाही.

झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे सगळे उपाय बाजूला ठेव आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांग. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि विनाशुल्क चालतो, मराठीतही बोलता येते. आई-वडिलांना हे पत्रोत्तर वाचायला दे. त्यांनी महिन्यातली ती एक संध्याकाळ तुला आनंदाने मोकळी करून द्यावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवतो. दसरा-दिवाळीनंतर वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. परत येतात तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरे कोणी बसलेले असते, जुने सवंगडी वेगळे झालेले असतात, आणि ही मुले मागे बसू लागतात. पुढच्या जूनमध्ये त्यांतली एक-दोन येतच नाहीत. अभ्यास भरून काढण्याविषयी प्रशिक्षणात सांगतात, मैत्रीविषयी कोणी सांगत नाही. (बीड जिल्ह्यातील एक शिक्षक)

उत्तर : सर, आपण विचारलेला प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे मूल जूनमध्ये शाळेत येईल की नाही, याचा निर्णय पुष्कळदा ते एप्रिलमध्ये कोणाच्या शेजारी बसले यावर होतो. शिक्षण हमी कार्डामुळे मुलाला स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते आणि हंगामी वसतिगृहामुळे काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहू शकतात. ही व्यवस्था आपण पाहतच असाल. तिच्यात सवंगड्यांची तरतूद मात्र आपल्यालाच करावी लागेल.

त्यासाठी सहामाही परीक्षा संपण्याआधीच वर्गात जोड्या लावाव्यात, एक जाणारे मूल आणि एक राहणारे मूल. ही जोडी कायम ठेवावी, मध्ये दुसरी करू नये. राहणाऱ्या मुलाने जोडीदाराची वही, चित्रे, तक्त्यावरचे नाव सांभाळावे. हजेरी घेताना त्याचे नाव वाचले जावे आणि "तो टोळीबरोबर अमुक कारखान्याला आहे" असे जोडीदाराने उत्तर द्यावे. एवढ्याने ते मूल रोज एकदा वर्गात हजर होते. मुकादमाकडून कारखान्याचे आणि तळाचे नाव लिहून घेतले तर महिन्यातून एकदा पालकांच्या फोनवर वर्गाचा आवाज पोहोचवता येईल. मुले एक कविता म्हणतील, गावची बातमी देतील. त्या निरोपात अभ्यासाची चौकशी नसावी. ते मूल कदाचित कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, शाळेत जातच नसेल, आणि प्रश्न ऐकून त्याला फक्त लाज वाटेल.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घेऊ नये. त्याची जागा जोडीदाराशेजारी मोकळी ठेवावी. त्याने काय पाहिले हे वर्गासमोर उभे करून विचारू नये, पण जोडीदाराला विचारू द्यावे. कोल्हापूरकडचे फड, कर्नाटकात गेला असेल तर कानडीतले चार शब्द, बैलगाडी भरताना मोळ्या कशा रचतात, हे त्याच्याकडे असलेले ज्ञान आहे. भूगोलाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला ते आपण सहजपणे वापरू शकता. चिडवाचिडवी होत असेल तर ती पहिल्या दिवशीच आणि ठामपणे थांबवावी. यात मुलांच्या समजूतदारपणावर विसंबून राहू नये.

मे महिन्याच्या सुट्टीत या जोड्या एकमेकांच्या संपर्कात राहिल्या तर जूनच्या पहिल्या दिवशी दोघे बरोबर येण्याची शक्यता वाढते. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी राहणाऱ्या मुलाला जोडीदाराच्या घरी पाठवून "उद्या मी तुला घ्यायला येतो" इतके सांगायला लावावे. शिक्षकाने घरी जाऊन केलेल्या विनवणीपेक्षा मुलाला हे बोलावणे अधिक खरे वाटते. यंदा दसऱ्यापूर्वी आपल्याला हे करून पाहता आले, तर पुढच्या जूनमध्ये किती जोड्या दारात एकत्र उभ्या राहिल्या ते या सदराला अवश्य कळवावे. आपले पत्र इतर शिक्षकांसाठी आम्ही छापू.